कुठं शोधलं, ते आधी सांग

अन्याय झाला तो मथुरावर. पाथर्डीकडच्या एका वाडीतली, ऊसतोड करणारी, दोन पोरांची आई, तिशीसुद्धा न गाठलेली मथुरा. गेल्याच्या गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अंगणात बैलांच्या शिंगांचा रंग अजून सांडलेला असताना, तिला जीपमध्ये घालून तालुक्याच्या गावी नेलं आणि एका खाजगी दवाखान्यात तिची पिशवी काढून टाकली. पिशवी म्हणजे गर्भाशय. सोबत दोन्ही बीजकोशही गेले. ते तिला कुणी सांगितलंही नाही. पोटात दुखतं म्हणून गेलेल्या बाईला डॉक्टरने एकच वाक्य ऐकवलं होतं, "आज काढली नाही तर कॅन्सर होईल." कॅन्सरची तपासणी झाली नव्हती. दसऱ्यानंतर मथुरा कोयता घेऊन फडावर उभी होती.

हे मी पहिल्यांदा लिहीत नाही. याच मजकुराची पत्रकं मी श्रीरामपूरच्या स्टँडवर वाटली आहेत, आणि लोकांनी त्यात भजी गुंडाळून नेलेली पाहिली आहेत. आज लिहायचंय ते एका म्हाताऱ्या बाईविषयी, कारण मथुराची गोष्ट जिथं अडकली ती जागा मला त्या बाईने दाखवली. तिथून ती सोडवता मात्र तिलाही आली नाही.

बाई श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला राहायच्या. सरकारी मेडिकल कॉलेजात त्यांनी अख्खी नोकरी काढली, पेशंट तपासण्याची नव्हे, तर पोरांना साथीचे रोग, लसी आणि आकडे शिकवण्याची. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या कौलारू घरात एकट्याच येऊन राहिल्या. घरासमोर चिंच, चिंचेखाली एक स्कूटर. ती त्या दर रविवारी चर्चला जाताना ढकलत न्यायच्या, कारण चालू करायला त्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता आणि घरी ठेवायला शेजाऱ्यांवर नव्हता.

मी पहिल्यांदा गेले ती पत्रक घेऊन. पत्रकात मी छापलं होतं की अमुक तालुक्यात घराघरात एका तरी बाईची पिशवी काढलेली आहे. बाईंनी दारातच पत्रक वाचलं. मला आत बोलावलं नाही.

"हे कुठं शोधलंस?"

"सगळ्यांना माहीत आहे, मॅडम."

"सगळ्यांना माहीत आहे तर छापलं कशाला? कागद महाग झालाय."

आणि दार लावून घेतलं. मी फाटकाशी उभी राहून मनातल्या मनात सगळ्या शिव्या देऊन घेतल्या. तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. "उन्हात उभी राहून मला शिव्या देऊ नकोस. आत येऊन दे. आणि मला मॅडम म्हणू नकोस, मॅडम म्हटलं की माणसं खोटं बोलायला लागतात."

तेव्हापासून त्या माझ्यासाठी बाई, आणि मी त्यांच्यासाठी पत्रकबाई.

कुठं शोधलं, हा त्यांचा प्रश्न. दूधवाला म्हणाला आज म्हशीचं दूध कुठंच नाही, की कुठं शोधलं? मी म्हटलं रिक्षा मिळत नाहीये, की कुठं शोधली? एकदा चर्चमध्ये एका गृहस्थाची अंत्यविधीची प्रार्थना होती. गृहस्थ असा, की गल्लीतलं कुत्रंसुद्धा त्याच्या घरावरून वळसा घालून जायचं. पाळकसाहेब गंभीरपणे म्हणाले, "या आपल्या बंधूंनी कधी कुणाला दुखावल्याचं आमच्या कानावर नाही." मागच्या बाकावरून बाईंचा आवाज आला, स्वच्छ, वर्गात शिकवतात तसा, "विचारलं कुणाला?" सगळं चर्च खाली बघत होतं. त्या गृहस्थाच्या बायकोने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, ते मला आजवर कळलेलं नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी पाठीमागे होते. मला दिसलं नाही. जे दिसलं नाही त्याचं मत कसं देऊ?"

त्यांचा चष्मा हरवला की घरात एक विधीच चालायचा. आधी खुर्चीवर शांत बसायचं, डोळे मिटायचे आणि कुठं कुठं बघायचं ते मोठ्याने म्हणायचं. न्हाणी, प्रार्थनेची खुर्ची, ओटा, पुस्तकांचं कपाट, अंगण. ते ठरलं की मग उठायचं. मी एकदा मध्येच ओरडले, "बाई, तो काय, फ्रिजवर." त्यांनी चष्मा घेतला, डोळ्याला लावला आणि उरलेल्या जागा शोधायला लागल्या.

"आता काय शोधताय?"

"ठरलेलं शोधतेय."

अर्ध्या तासाने तांदळाच्या डब्यात त्यांचा दुसरा चष्मा सापडला, जो हरवल्याचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्याचा आनंद त्यांना झालेला दिसला नाही. म्हणाल्या, "डबा यादीत नव्हता. यादी चुकली." आणि दिवसभर त्याच विचारात राहिल्या.

आणखी एक. कुठल्याही गोष्टीचा निकाल त्या एकट्याने लावायच्या नाहीत. आमटीत मीठ बरोबर आहे का, हे दोघींनी वेगवेगळं चाखायचं, वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं आणि मग चिठ्ठ्या जुळवायच्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं तर ओरडायच्या, "माझ्याकडं बघून चाखू नकोस. तुझ्या जिभेने चाख." चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर वाद, आणि आमटी गार. त्या घरात मी गरम आमटी फारशी खाल्लेली नाही.

आता समितीकडे येते.

ऊसतोड बायांसाठी काम करणाऱ्या आमच्या संघटनेने वर्षभर बोंब मारल्यावर नगर जिल्ह्याला एक समिती नेमावी लागली. जिल्ह्याच्या नावाची पाटी बदलली, आतल्या खुर्च्या त्याच आहेत. आमची मागणी साधी होती. ऊसतोड करणाऱ्या बाईची पिशवी काढायची असेल, तर आधी दुसऱ्या, बाहेरच्या डॉक्टरने तिला तपासावं आणि गरज आहे असं लिहून सही करावी. एवढंच. आणि हे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडायच्या आत व्हावं, कारण मथुराची धाकटी जाऊ कांता हिलाही त्याच दवाखान्याने तेच वाक्य ऐकवलं होतं. कांताचा नवरा म्हणत होता, दसऱ्याच्या आधी उरकून घेऊ. नियम आधी आला असता तर कांता वाचली असती. सगळी घाई तेवढ्यासाठी होती.

समितीने नियम करण्याआधी पुरावा तपासायचं ठरवलं. मला वाटलं, चला, शहाणी माणसं आहेत. एका कारकुनी थाटाच्या डॉक्टरांकडे ते काम दिलं आणि त्यांनी ते एका दुपारी उरकलं. अहवालात वाक्य होतं, "ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांना गर्भाशय काढल्यामुळे विशेष अपाय होतो, असा पुरावा आढळला नाही." अध्यक्षसाहेबांनी ते वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "पुरावा नाही, मग नियम कशासाठी?"

आढळला नाही आणि नाही. या दोन्हींत फरक आहे हे त्या खोलीत कुणालाही टोचलं नाही. मलासुद्धा नाही. मी फक्त चिडले होते. तो फरक मला बेलापूरला जाऊन कळला.

बाईंनी अहवाल उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "एकाच बाजारात गेलेत."

मग त्यांनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. जगभरातल्या आरोग्याच्या मासिकांत जे अभ्यास छापून येतात, त्यांच्या प्रचंड याद्या कॉम्प्युटरवर असतात. त्यांना डेटाबेस म्हणतात. पण एकाही यादीत सगळं नसतं. एक अमेरिकेतली, मोठी आणि फुकट, म्हणून सगळे तिथंच पळतात. एक युरोपातली, औषधांसाठी चांगली. एक नर्सिंगची, जिथं बाईला ऑपरेशननंतर काय सोसावं लागलं ते सापडतं. एक आपल्या देशातल्या मासिकांची, ज्यातली बरीचशी त्या मोठ्या यादीला माहीतही नसतात. प्रश्न कसला आहे ते बघून यादी निवडायची, आणि एकीवर कधी थांबायचं नाही. समितीच्या डॉक्टरांनी ती एक अमेरिकन यादी उघडली, इंग्रजीत ऊसतोड कामगार असे शब्द टाकले, परदेशातल्या पुरुषांच्या किडनीचे चार लेख समोर आले, आणि लॅपटॉप मिटला.

"म्हणजे," बाई म्हणाल्या, "बैल घ्यायचा होता. हा माणूस राहात्याला गेला, पेरूच्या गाड्यांवरून फिरला आणि आल्यावर लिहिलं, जिल्ह्यात बैल आढळला नाही. खोटं बोलला का? नाही. घोडेगावच्या बैलबाजारात गेला का? तेही नाही."

"मग आपण जाऊ," मी म्हटलं.

"लगेच नाही. आधी ठरवू."

त्या ठरवण्यातच आमचे दिवस गेले. कोणते डेटाबेस घ्यायचे, कोणते नाही, का घ्यायचे, का नाही. सगळं शोधायच्या आधी ठरवून इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं जाहीर करायचं, म्हणजे नंतर आपल्याला सोयीचं तेवढं उचलता येत नाही. मी म्हणायचे, बाई, दसरा जवळ येतोय. त्या म्हणायच्या, दसरा दरवर्षी येतो. मी कपाळावर हात मारून घ्यायचे. शेवटी आरोग्याचे पाच डेटाबेस ठरले आणि वाचन सुरू झालं. एकेका लेखाचा मथळा दोघींनी वेगवेगळा वाचायचा, हवा की नको याची खूण करायची आणि मग खुणा जुळवायच्या. आमटीसारखंच. थोडंफार हाती लागत होतं, पण आमच्या बायकांविषयी फार नव्हतं.

मग एक दिवस मी मथुरालाच बेलापूरला घेऊन गेले. बाईंनी ऊसतोडीची बाई समोरासमोर बसून कधी बघितली नसावी. त्यांनी तिला खुर्ची दिली, ती खाली बसली, म्हणून बाईही गुडघे धरत खाली बसल्या.

"तू हो का म्हणालीस, बाई? ऑपरेशनला?"

"डाक्टर म्हन्ला कॅन्सर व्हईल. आन मुकादमाची बायकू बी म्हन्ली, काढून टाक, सुटशील. पाळी आली की एक दिस खाडा हुतो, खाड्याचा दंड बसतो. पिशवीच न्हाई तर खाडाबी न्हाई."

"आता बरं वाटतं?"

"कुठलं वो. अंगातनं निसत्या वाफा निघत्यात. रातीला झोप न्हाई. हाडं ठनकत्यात. मोळी उचलली की खालनं ओढल्यावानी हुतं." मग माझ्याकडे बघून हसली. "पन खाडा न्हाई पडला, ताई. तेवढं खरं हाय."

बाई टेबलावरची डेटाबेसची यादी खाली घेऊन वाचायला लागल्या. मग म्हणाल्या, "चुकलं."

"काय चुकलं?"

"मी. पिशवी म्हणजे आरोग्य असं धरून चालले. डॉक्टर ना मी. हिची पिशवी मजुरीत गेली आहे. हे लिहिलं असेल ते मजुरीवर, स्थलांतरावर लिहिणाऱ्यांनी. त्यांचे डेटाबेस वेगळे. ते मी घेतलेच नाहीत." आणि हलकेच, "तांदळाचा डबा."

त्याच दुपारी त्यांनी समाजशास्त्राचा आणि मजुरीचा असे दोन डेटाबेस यादीत वाढवले. गुपचूप नाही. आधी का घेतले नव्हते, आता का घेतले, हे स्वतःच्या चुकीसकट लिहून जाहीर केलं. मी शब्द टाकून पहिलं पान उघडलं मात्र, आणि खुर्चीतून उठलेच. वरच्या काही मथळ्यांतच सगळं होतं. ऊस, बाया, स्थलांतर, गर्भाशय. आम्ही एवढे दिवस पेरू चाचपत होतो आणि बैल इथं बांधलेले होते.

समितीची बैठक तोंडावर आली होती. मी म्हटलं, "बाई, हे वरचे तीन-चार छापून घेते. हेच ठेवू समोर. बास."

"बाकीचं वाचलंस?"

"बाकीचं शेकड्यांनी आहे. वेळ कुठंय?"

"त्या बाकीच्यात एखादा असा असेल, की काही त्रास होत नाही म्हणणारा. तो दडवायचा?"

"बाई, कांताला कापतील."

"हो."

"हो काय? हो म्हणून गप्प बसताय?"

तेव्हा त्या जे म्हणाल्या ते मला पाठ आहे, कारण मी ते रागाने पाठ केलंय. "तो माणूस एकाच बाजारात गेला, कारण त्याला रिकाम्या हाताने परत यायचं होतं. तू एकाच गाड्यावर जाणार, कारण तुला टोपली भरून यायचंय. मला तुम्हा दोघांत काय फरक ते सांग."

फरक होता. मला आजही वाटतं, होता. तो माणूस पंख्याखाली बसून होता आणि मी कांताच्या ओसरीवरून आले होते. पण तेव्हा मला ते असं सांगता आलं नाही. मी दप्तर उचललं आणि दार आपटून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, मथळे वाचायला बसले. बाईंनी चहा पुढे केला, गोड झालाय का, चिठ्ठीवर लिही म्हणाल्या.

बैठकीला बाई माझ्याबरोबर नगरला आल्या, एस.टी.ने, बसायला स्वतःची उशी घेऊन. अध्यक्षसाहेबांनी विचारलं, "मॅडम, काही पुरावा आणलाय का संघटनेने?"

माझ्या दप्तरात ते चार लेख छापून तयार होते. बाईंना न सांगता मी आणले होते. माझा हात दप्तरात गेला. पण त्या आधीच उठल्या होत्या.

"शोध अपुरा आहे," बाई म्हणाल्या. "तुमचाही आणि आमचाही. तुम्ही एका ठिकाणी शोधलंत. आम्ही जास्त ठिकाणी शोधतोय, पण वाचून झालेलं नाही. थोडी मुदत द्या. तोपर्यंत नियम तात्पुरता लागू करा. दुसऱ्या डॉक्टरने तपासल्याने कुणाचं काही बिघडत नाही."

मग राहात्याच्या पेरूंची आणि बैलाची गोष्ट सांगितली. लोक मनापासून हसले. कुणीतरी म्हणालं, मॅडम मोठ्या गमतीशीर आहेत. चहा आला. चहाबरोबर अध्यक्षसाहेब म्हणाले, "म्हणजे तुम्हीच म्हणताय, अपुरा आहे. मग आम्ही पूर्ण कसा धरू? नोंद घेतो." आणि नोंद घेतली. "संघटनेकडून पुरावा सादर झाला नाही." मी ते चार लेख टेबलावर आपटले तेव्हा साहेब बाईंना म्हणाले, "हे तुमच्या अभ्यासातले आहेत का, मॅडम?" आणि बाई म्हणाल्या, "अजून नाहीत."

एस.टी.त मी त्यांच्या शेजारी बसले नाही.

दसऱ्याच्या आधी कांताची पिशवी काढली. त्याच दवाखान्यात. मी भेटायला गेले तर मथुरा तिला भाकरी कुस्करून भरवत होती. कांता म्हणाली, "ताई, तुमचं त्ये कागद झालं का?" मी म्हटलं, चाललंय. "बरं," ती म्हणाली, "माझ्या पोरीच्या टायमाला व्हईल." तिची पोर दारात विटीदांडू खेळत होती. दिवाळीनंतर टोळी निघाली. कांता पोटाला साडी आवळून बांधून ट्रॅक्टरमध्ये बसली.

बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांचं तोंड फक्त एकदम लहान झालं. म्हणाल्या, "पुढचं पान काढ."

आम्ही वाचत राहिलो. मग त्यांच्या डोळ्यांत आतून रक्त उतरलं, साखरेच्या आजारामुळे. आधी एकात, मग दुसऱ्यात. मथळे दिसेनात. मी म्हटलं, मी वाचून दाखवते, तुम्ही हो-नाही म्हणा. "तुझ्या आवाजावरून मला कळतं तुला काय हवंय." मग म्हटलं, माझं झालंय, तुमच्या वाट्याचंही मीच पुन्हा वाचते. त्यावर हसल्या. त्यांना हसताना मी फारशी पाहिली नव्हती. "पत्रकबाई, एका माणसाने दोनदा चाखलं म्हणून दोन माणसं होत नाहीत."

नाताळाच्या आधी त्यांची भाची येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेली. स्कूटर चिंचेखालीच आहे. आता त्या फोन करतात. तब्येतीचं विचारू देत नाहीत. पहिलाच प्रश्न, "दुसरा वाचणारा मिळाला का?"

मी म्हणते, नाही मिळाला.

"कुठं शोधलास?"

मी संघटनेत विचारलं. सगळ्यांना मोर्चाला यायचंय, मथळे वाचायला कुणी नको. कॉलेजात विचारलं. मार्क मिळतात का, म्हणाले. समितीला पत्र दिलं, उत्तर नाही. डॉक्टरांच्या मंडळात गेले, त्यांनी पाणी दिलं. समिती अजून बरखास्त झालेली नाही, फक्त झोपली आहे. पूर्ण शोध समोर ठेवला, दोघांनी वाचलेला, कुठं शोधलं ते छातीठोक सांगणारा, तर तिला अपुरा म्हणता येणार नाही. आणि ठेवला नाही, तर येत्या पोळ्याला जीप पुन्हा त्या वाडीत जाईल. कुणासाठी, ते मला आज सांगता येत नाही. त्या बाईला स्वतःलाही अजून माहीत नसेल.

तेव्हा आता तुम्हाला विचारते, हे वाचणाऱ्याला. हळहळू नका. मथुरासाठी जुने कपडे पाठवू नका. शेवटच्या दोन डेटाबेसमधलं माझ्या वाट्याचं वाचन झालंय, बाईंच्या वाट्याचं पडून आहे. इंग्रजी मथळा वाचून समजेल एवढं शिकलेला एक माणूस हवा. बेलापूरला या, बाईंच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, टेबल तिथंच आहे. माझ्या खुणा बघायला मागू नका, मी दाखवणार नाही. माझ्या तोंडाकडेही बघू नका. तुम्हाला काय दिसतं ते तुमच्या डोळ्यांनी बघा आणि खूण करा. पोळ्याच्या आधी या.